ती गोष्ट, पाच वाजेपर्यंत

ओळ सहा, क्रमांक अकरा. कागदाच्या दोन गड्ड्या जाळा. एक सिगारेट पेटवून दगडावर ठेवा. विझली तर पुन्हा पेटवू नका, डॉक्टरांनी त्यांना बंद करायला सांगितली होती.

पडदा निळा, दीड मीटर रुंद, दोन मीटर उंच. गरम पाण्यात धुऊ नये. कंपनीचं नाव डोक्याच्या वर दिसलं पाहिजे, डोक्यामागे नाही.

आमचं व्हिनेगर तीन वर्षं रांजणात असतं. घाई असणाऱ्यांनी दुसरीकडचं घ्यावं.

मनाई असलेला मजकूर आढळल्यास सेवा पुरवणाऱ्याने तो तत्काळ थांबवावा, काढून टाकावा, पसरू देऊ नये, नोंद ठेवावी आणि वर कळवावं.

केसांच्या काळ्या पिना, डबीत चौदा. फोटोत दोन्ही कान दिसावे लागतात.

आपण शोधत असलेल्या पानावर सुधारणा चालू आहे. तसदीबद्दल क्षमस्व.

*

पिनांची डबी ताओ ल्यानफांगच्या टेबलाच्या डाव्या खणात असे आणि पडदा तिच्या पाठीमागच्या भिंतीवर. शियांगयांग शहरात बियान नावाच्या गृहस्थाची एक लहानशी कंपनी होती. लोकांच्या वेबसाइट ती आपल्या सर्व्हरवर ठेवून घेई. तिथे ताओ अकरा वर्षं नोकरीला होती. ज्याला साइट सुरू करायची असेल त्याने ओळखपत्र घेऊन यायचं, पडद्यासमोर उभं राहायचं आणि कान दाखवायचे. फोटो ताओ काढायची. त्या क्षणापासून तो माणूस त्या साइटचा 'जबाबदार' झाला. तिथे उद्या कुणी काही भलतंसलतं लिहिलं, तर आधी त्याला बोलावणं येणार, मग कंपनीला. पडद्यासमोर लोक हसत नसत. हसा, असं ताओनेही कधी कुणाला सांगितलं नाही.

एकूण साइट अकराशे त्रेचाळीस. पहिली खुद्द कंपनीची, आणि तिची जबाबदार ताओ. पडदा नवा आला तेव्हा मापासाठी कुणीतरी उभं राहायला हवं होतं, ती उभी राहिली. फोटो वाया कशाला घालवायचा, म्हणून बियानने तोच अर्जाला चिकटवला.

सहाशे अठ्ठाविसावी साइट मोशीवान गावाची. गाव आता नाही. धरणाची भिंत वाढवली तेव्हा ते पाण्यात गेलं, आणि माणसं चौदा ठिकाणी विखुरली. कबरी मात्र पाण्याच्या वर, डोंगराच्या उतारावर ओळीने हलवल्या. गावच्या शाळेतले निवृत्त मास्तर खोउ देयुआन यांनी साइट काढली ती एवढ्यासाठीच, की कुणाचा बाप कोणत्या ओळीत आहे हे पोरांना सापडावं. छिंगमिंग, म्हणजे कबरी झाडायचा दिवस, जवळ आला की ज्यांना जाणं जमणार नाही ते खोउ गुरुजींना फोन करत. गुरुजी एका बोटाने टाइप करून त्यांची विनंती पानावर चढवत. जे जाणार असत ते पान वाचत, आणि आपल्या बापाबरोबर दुसऱ्यांच्याही बापांसाठी कागदी नोटा जाळून येत; जाळलेलं मेलेल्यांना पोचतं म्हणतात. कुणी कुणाचे आभार मानत नसे. पुढच्या वर्षी पाळी आपली.

त्या वर्षी छिंगमिंगला नऊ दिवस उरले असताना पानावर दोनशे तेरा विनंत्या होत्या. ओळ सहा, क्रमांक अकरा, हे ताओचे वडील. विनंती तिच्या आईने सांगितलेली. आईचे गुडघे गेले होते, आणि छिंगमिंगच्या आठवड्यात ताओला रजा मिळत नसे. त्या आठवड्यात साइटींवर नजर ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयातून फोन येत.

*

फोन सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आला. ताओ तेव्हा नूडल्सच्या वाटीतलं तिखट तेल कागदाने टिपत होती.

"ताओताई," लुओ साहेब म्हणाले. त्यांच्या कार्यालयाचं नाव बावीस अक्षरी होतं, त्यामुळे कुणी ते घेत नसे. "ती तुमच्याकडची गोष्ट. पाच वाजेपर्यंत काढा."

"कोणती, साहेब?"

"ती."

"थोडी दिशा दिलीत तर—"

"अहो, फोनवर सांगण्यासारखी असती तर काढायला कशाला लावली असती?"

हे बरोबर होतं. ताओने वहीत लिहिलं: ९.१०. ती. ५ पर्यंत.

मालक बियान गरम पाण्याचा थर्मास घेऊन आत आला तेव्हा तिने वही त्याच्यापुढे सरकवली. बियानने दोनदा वाचलं. कंपनीत या कामाची एक पद्धत ठरून गेली होती. संशयित साइट बंद करायच्या, पाच वाजता फोन करायचा. साहेब 'ठीक' म्हणाले, तर त्यांतली एक बरोबर होती. कोणती, हे विचारायचं नाही. बाकीच्या हळूहळू, गाजावाजा न करता, चालू करायच्या.

"पाण्याचं काही असेल," बियान म्हणाला. "मागच्या वेळी पाण्याचंच होतं."

"मागच्या वेळी डुकरांच्या तापाचं होतं," छिऊ मिन म्हणाली. सर्व्हर सांभाळणारी तीच एकटी, बत्तीस वर्षांची. बसल्या जागेवरून मान न वळवता बोलायची तिला सवय होती. "पाणी त्याच्या आधी."

"मग दोन्ही घे. पाणी, डुकरं. आणि दवाखाने."

"दवाखाने का?"

"दवाखान्यांत नेहमी काहीतरी असतंच."

पाच वाजेपर्यंत सदतीस साइट बंद झाल्या. ताओने फोन लावला. पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला, कागद सळसळला.

"आहे अजून," लुओ साहेब म्हणाले.

*

मंगळवार, ११.००. बंद: १९२. साहेब: आहे अजून.

मंगळवार, ३.००. बंद: ४४०. साहेब: आहे अजून. आवाज किंचित वरचा.

मंगळवार, ५.००. बंद: ७०६. साहेब: ताओताई, तुम्ही हे मुद्दाम करताय का?

*

गिऱ्हाइकांचे फोन ताओच घेई.

"माझ्या दाताच्या दवाखान्याला काय झालंय?"

"सुधारणा चालू आहे."

"काय सुधारताय?"

"ते अजून ठरलं नाही."

लग्नाचे फोटो काढणाऱ्या बाई रडकुंडीला आल्या. शनिवारचं एक जोडपं पान उघडत नाही म्हणून दुसरीकडे गेलं होतं. शेळ्यांच्या औषधवाल्याने तिला ऐकवायचं ते ऐकवलं, मग म्हणाला, तुमचा यात दोष नाही हे मला ठाऊक आहे, पण दुसऱ्या कुणाचा नंबर माझ्याकडे नाही. व्हिनेगरच्या कारखान्याचे म्हातारे मालक तेवढे शांत होते.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही, काका."

"माझं व्हिनेगर तीन वर्षं थांबतं. मी चार दिवस थांबतो. त्या पानाखाली कोण काय लिहितं तेही मी बघत नाही. नात बघते. ती परीक्षेत आहे."

सगळे फोन संपल्यावर छिऊ मिन तिच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. जागेवरून उठून येणं हेच तिच्या बाबतीत वाईट लक्षण होतं.

"ताओताई, सहाशे अठ्ठावीस राहिली. तुम्ही यादीतून दोनदा वगळलीत. मला वाटलं चुकून."

"चुकून नाही."

"मग मी काही बघितलं नाही." ती परत वळली. पण बियान दारातच होता. त्याने छिऊ मिनच्या कॉम्प्युटरवर मोशीवानचं पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागला.

"ओळ दोन, क्रमांक चार. जाळा. ओळ नऊ, क्रमांक एक. तीन गड्ड्या जाळा, उरलेलं तिथेच ठेवू नका. ओळ बारा. जाळा आणि लगेच निघा." तो खुर्चीत बसला. "ताओ, हे काय आहे?"

"कबरी आहेत. बाराव्या ओळीपाशी गवत फार आहे, ठिणगी पडली तर पेटतं. म्हणून लगेच निघा."

"दोनशे तेरा वेळा जाळा! ठिकाणं, क्रमांक सगळं दिलेलं. आणि आपण दोन दिवस दाताचे दवाखाने बंद करतोय!"

"त्यात माझे वडील आहेत, मालक."

बियानचा आवाज खाली आला. तो वाईट माणूस नव्हता. स्वतःच्या आईसाठी तो दरवर्षी कागदाचा मोबाइल जाळायचा, चार्जरसकट.

"मला कळतं गं. वरच्या कुणी हे पान उघडलं तर त्याला कळेल का? तो कबर बघणार का 'जाळा' बघणार?"

"छिंगमिंगला आठवडा राहिलाय. आत्ता बंद केलं तर दोनशे तेरा जणांना कळणारच नाही की कुणी गेलं की नाही. आणि पुन्हा चालू करायचं तर नव्याने नोंदणी, नव्याने फोटो. गुरुजी चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, सहा तासांच्या वाटेवर राहतात. ते पुन्हा पडद्यासमोर येणार नाहीत."

"तेच तर. त्यांचा कुणी भाचा कार्यालयात आहे? वकील आहे? ते फोनवर कुणाला तरी शिव्या घालतील?"

"नाही."

"मग दुसरं कोण सोसेल?" बियान म्हणाला, आणि आपण काय म्हणालो ते कळून त्याने थर्मासचं झाकण फिरवायला घेतलं. "उद्या दुपारपर्यंत वेळ देतो. खरी गोष्ट शोधून आण. नाहीतर सहाशे अठ्ठावीस जाईल."

*

बुधवारी सकाळी ताओ बावीस अक्षरी कार्यालयात गेली. लुओ साहेब तिसऱ्या मजल्यावर बसत. पन्नाशीचे, बारीक, खिडकीत दोन कुंड्या, दोन्हींत पात लावलेली.

"बसा. पण मी काही सांगू शकत नाही."

"काही विचारत नाही, साहेब. फक्त आता आहे का गेलं, ते बघा. बंद आठशे नव्वद झाल्यात."

लुओ साहेबांनी उजवा खण उघडला. आतून एक छापील कागद अर्धा बाहेर काढला, स्वतःकडे वळवला, वाचला, परत ठेवला, खण बंद केला.

"आहे अजून."

ताओ खणाकडे बघत राहिली. मग कुंड्यांकडे. मग पुन्हा खणाकडे.

"साहेब, तुम्ही कागद बघताय."

"मग काय बघू?"

"ते पान. कॉम्प्युटरवर."

"ताओताई," लुओ साहेब अगदी सहनशीलपणे म्हणाले, "त्या पानावर मनाई असलेला मजकूर आहे. असली पानं आमच्या कार्यालयातून उघडत नाहीत. बंदोबस्त केलेला आहे."

"म्हणजे आम्ही सगळे सर्व्हर बंद केले तरी कागदावर—"

"कागदावर राहणारच. छापलंय ते." ते थोडे पुढे झुकले. "मलाही कळतं हो. मी काही लाकडाचा नाही. शुक्रवारी वर बैठक आहे, तिथे विचारतील, ती गोष्ट गेली का? मी काय सांगू? कंपनी म्हणते गेली असेल? कुठली गेली ते कंपनीला माहीत नाही?"

"पण कोणती ते तुम्हीच सांगत नाही."

"मी सांगितली तर ती मी पसरवली. वाचून दाखवली तरी. मागे एका जिल्ह्यात एकाने पत्रात लिहून कळवली होती, नीट समजावी म्हणून. तो आता ग्रंथालयात आहे."

"वाचायला?"

"नोकरीला. पुस्तकं पुसतो."

लुओ साहेबांनी डाव्या खणातून एक कोरा छापील अर्ज काढला आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

"असं करा. कार्यवाहीचा अहवाल. साइटचं नाव, जबाबदार व्यक्तीचं नाव, बंद केल्याची वेळ, कंपनीचा शिक्का. हा आला की माझा कागद याच्या मागे टाचायचा आणि दोन्ही फायलीत. मग मला खण उघडायला नको."

"एकच नाव?"

"जागा एकाच नावाची आहे."

"कोणतंही?"

"कोणतंही असं मी म्हणालो नाही. त्या साइटवर कायमची बंदी येईल, आणि जबाबदार माणसाला पाच वर्षं कुठल्याही साइटला नाव देता येणार नाही. तेव्हा विचार करून लिहा. चार वाजता मी कुंड्यांना पाणी घालून निघतो."

*

ताओने अर्ज टेबलावर ठेवला आणि अकराशे त्रेचाळीस नावांची यादी पहिल्यापासून वाचायला घेतली. प्रत्येक नावापुढे तिनेच काढलेला फोटो. दाताचे डॉक्टर, कान लाल झालेले. लग्नाच्या फोटोवाल्या बाई, स्वतःचा फोटो काढून घ्यायला घाबरलेल्या. शेळ्यांच्या औषधवाला, त्याने पिना नाकारल्या होत्या आणि केस थुंकीने मागे बसवले होते. व्हिनेगरवाले काका, आजोबांच्या कोटात. कुणाचंही नाव घातलं असतं तरी जागेत मावलं असतं. सहाशे अठ्ठाविसाव्या फोटोत खोउ गुरुजी ताठ उभे होते, वर्गाचा फोटो काढताना उभे राहत तसे. बाजूला मुलं नव्हती एवढंच.

तिने गुरुजींना फोन लावला.

"कोण, ल्यानफांग? तुझ्या आईची ओळ चढवली मी, सिगारेटचं लिहिलंय. तुझ्या बापाला चौथीत असतानाच पकडला होता मी ओढताना. किती ओरडलो असेन! आता मीच टाइप करतोय, पेटवून ठेवा म्हणून."

"गुरुजी, पान काही कारणाने बंद पडलं तर तुमच्याकडे नोंद आहे का? कागदावर?"

"नाही गं. कागदावर असतं तर साइट कशाला काढली असती? का? बंद पडतंय का?"

"सहज विचारलं."

"तू सहज काही विचारत नाहीस. सातचा पाढा चुकलीस तरी आधी खिडकीबाहेर बघायचीस." ते थांबले. "हे बघ, तुझ्या नोकरीवर येत असेल तर मी काढून टाकतो. लोक समजून घेतील. मेलेले तर घेतीलच."

"काही काढू नका," ताओ म्हणाली. "हात लावू नका कशाला. रागावेन मी."

आपण गुरुजींना रागावेन म्हणालो, हे फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं.

मग तिने यादीचं पहिलं पान पुन्हा उघडलं. पहिल्या फोटोत एक सदतीस वर्षांची बाई पडदा सरळ बसलाय का ते बघायला मान किंचित वळवून उभी होती. त्यामुळे एकच कान दिसत होता. अर्ज तरी कसा मंजूर झाला कोण जाणे.

तिने साइटचं नाव लिहिलं, जबाबदार व्यक्तीचं नाव लिहिलं, वेळ घातली, शिक्का मारला. शिक्का तिच्याच उजव्या खणात असे. मग छिऊ मिनला म्हणाली, "पहिली बंद कर."

छिऊ मिनने पहिल्यांदाच मान वळवली. "पहिली म्हणजे आपली?"

"आपलीच."

बियान जेवून आला तोवर अर्ज पोचता झाला होता. नक्कल वाचून त्याची पाचावर धारण बसली.

"स्वतःच्याच घरावर नांगर? अगं, दुसरी अकराशे बेचाळीस होती!"

"त्या प्रत्येकाचा मालक फोन करतो, मालक. याचा कुणी करणार नाही."

"मी आहे ना मालक!"

"म्हणूनच. तुम्ही कुणाला फोन करणार?"

बियानने खरोखरच फोन हातात घेतला, नंबरांची यादी वर-खाली केली आणि परत खिशात ठेवला.

"लुओ साहेबांनी विचारलं नाही, आपल्या साइटवर असं काय होतं म्हणून?"

"विचारलं. मी म्हटलं, कागदावर लिहिण्यासारखं असतं तर काढलं कशाला असतं?"

"मग?"

"त्यांनी टाचणी मागितली. माझ्याकडे पिन होती."

*

बुधवार, ५.००. साहेब: ठीक.

गुरुवार. आठशे नव्वद साइट चालू करायला घेतल्या. गाजावाजा नाही.

शुक्रवार. वरून पत्र, यावेळी लेखी. कंपनीने सहा महिने नवीन गिऱ्हाईक घेऊ नये. जबाबदार व्यक्ती बदलावी.

*

नवी जबाबदार छिऊ मिन. नव्या साइटच्या नव्या नावासाठी ती पडद्यासमोर उभी राहिली तेव्हा ताओने तिच्या केसांना दोन्ही बाजूंनी पिना लावल्या.

"दुखतंय."

"दुखू दे. कान दिसले पाहिजेत."

"ताओताई, उद्या माझ्यावर आलं तर मी कुणाचं नाव लिहू?"

ताओने कॅमेऱ्यातून बघितलं. कंपनीचं नाव डोक्याच्या बरोबर वर होतं.

"हलू नकोस," ती म्हणाली.

बियानने ताओला महिनाअखेरपर्यंत ठेवलं. त्याहून जास्त ठेवलं तर वर विचारलं जाईल, असं तो दोनदा म्हणाला आणि दोन्ही वेळा दुसरीकडे बघत म्हणाला. छिंगमिंगची रजा मात्र त्याने न मागता दिली. आता फोन तिला येणार नव्हते.

ती पहाटेच्या बसने निघाली, मग धरणाच्या लाँचने. लाँच मोशीवानच्या वरून जाते तेव्हा पाण्यात काही दिसत नाही, तरी म्हातारी माणसं एका बाजूला सरकतात आणि लाँचवाला त्यांना ओरडतो, समतोल राखा. उतारावर धूरच धूर होता. खोउ गुरुजी शाळेची शिट्टी गळ्यात अडकवून बाराव्या ओळीपाशी उभे होते आणि जो कुणी जाळून रेंगाळेल त्याच्यावर ती फुंकत होते. हातात त्यांच्या पोरीचा फोन. फोनवर पान. दोनशे तेरा विनंत्यांतल्या ज्या झाल्या त्यांवर ते एका बोटाने खूण करत होते.

"सहा-अकरा राहिलीय," त्यांनी ताओला बघून सांगितलं, विद्यार्थ्याला फळ्याकडे पाठवावं तसं.

तिने दोन गड्ड्या जाळल्या. सिगारेट पेटवून दगडावर ठेवली. वाऱ्याने ती लगेच विझली. ताओने पुन्हा पेटवली नाही.

परतीच्या वाटेवर तिने ओळ दोन, क्रमांक चार आणि ओळ नऊ, क्रमांक एक अशा दोन विनंत्या पुऱ्या केल्या. ती माणसं कोण, हे तिला माहीत नव्हतं.

लुओ साहेबांच्या उजव्या खणातून फायलीत गेलेल्या कागदावर छापलेली होती ती व्हिनेगरच्या पानाखालची दोन ओळींची प्रतिक्रिया. ज्याने ती लिहिली होती त्यानेच ती पहिल्या फोनच्या आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी पावणेआठ वाजता, पुसून टाकली होती.